कौतुकानंतरची वर्षे



या संस्थेच्या रिवाजाप्रमाणे आज सकाळी याच सभागृहात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला आणि आता स्मृतिव्याख्यान आहे. सकाळी ज्यांना पुस्तक, प्रशस्तिपत्र आणि सन्मानचिन्ह मिळाले, त्यांतली बरीच मुलेमुली आत्ताही पहिल्या रांगांत बसली आहेत. ज्या गुरुजींच्या नावाने हे व्याख्यान होते, त्यांचे सगळे आयुष्य शाळेत गेले. म्हणून आज मुलांच्या कौतुकाविषयीच बोलावे असे मी ठरवले. गुणी, कर्तबगार मुलांना आपण पुरस्कार देतो, ते कशाने सार्थकी लागतात आणि ते दिल्यानंतर आपल्यासाठी कोणते काम उरते, एवढाच माझा विषय आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. सत्तरीतल्या माणसाला पुरस्कार मिळतो तो झालेल्या कामाबद्दल. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला बक्षीस देताना तिचे बहुतेक सगळे काम अजून व्हायचे असते. या मुलीच्या हातून काही मोठे घडेल असा अंदाज आपण चारचौघांत जाहीर करतो. अंदाज आपला असतो, पण तो खरा करून दाखवण्याचा सगळा भार तिच्यावर टाकून आपण घरी जातो. हा भार निम्मा तरी देणाऱ्याने उचलायला हवा. तरुणांना दिलेल्या पुरस्काराचे मोल समारंभाच्या दिवशी ठरत नाही. पुढच्या चार-पाच वर्षांत त्या मुलामुलींना कुठवर जाता आले, यावरून ते ठरते.

महाराष्ट्राच्या इतिहासातले याचे सर्वांत मोठे उदाहरण विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत घडले. परळच्या चाळीत राहणाऱ्या रामजी सकपाळांचा मुलगा भीमराव, म्हणजे पुढचे बाबासाहेब आंबेडकर, एक परीक्षा उत्तीर्ण झाला. धनंजय कीरांसारखे चरित्रकार ही १९०७ ची मॅट्रिकची परीक्षा असल्याचे सांगतात. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’साठी १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी स्वतः मात्र ती इंग्रजी चौथी होती असे म्हटले आहे. परीक्षेबद्दल असा फरक असला, तरी सत्काराचा प्रसंग दोन्हीकडे आहे. समाजातल्या मंडळींना या मुलाचा जाहीर सत्कार करावासा वाटला. इतर समाजांतल्या शिक्षणाच्या मानाने यात समारंभ करण्याजोगे काही नव्हते, हे बाबासाहेबांनी मोकळेपणाने लिहिले आहे. पण त्यांच्या समाजातून तिथवर पोचलेला तो पहिला मुलगा होता आणि लोकांना ते फार मोठे वाटले. रामजींनी मात्र साफ नकार दिला. अशाने मुलगा शेफारून जाईल, असे त्यांचे म्हणणे. त्याने नुसती एक परीक्षा दिली आहे, त्यापलीकडे अजून काय केले आहे?

मंडळी हिरमुसली, पण त्यांनी हट्ट सोडला नाही. ती दादा केळुसकरांकडे गेली. कृष्णराव अर्जुन केळुसकर हे विल्सन हायस्कूलमधले शिक्षक आणि रामजींचे स्नेही. शिवाजी महाराजांचे साधार, विस्तृत मराठी चरित्र लिहिणारे लेखक म्हणून आज आपण त्यांना ओळखतो. चर्नी रोडच्या बागेत शाळेनंतर एकटाच वाचत बसणारा हा मुलगा त्यांच्या नजरेत भरला होता, असे कीरांनी नोंदवले आहे. केळुसकरांनी रामजींची समजूत घातली आणि सभा झाली. शेवटी त्यांनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्या मुलाच्या हातात दिले. ते पुस्तक आपण अत्यंत आवडीने वाचले आणि त्याने आपण हेलावून गेलो, असे बाबासाहेबांनी त्याच प्रस्तावनेत लिहून ठेवले आहे. प्रस्तावना लिहिली त्याच वर्षी, १४ ऑक्टोबरला, नागपुरात धम्मदीक्षा झाली.

पुस्तकाची ही हकिकत आपल्याकडे पुष्कळदा सांगितली जाते आणि ती सांगायलाच हवी. मला मात्र तिच्या पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तो सहसा दोन ओळींत उरकला जातो. सभा संपल्यावर केळुसकर आपल्या वाटेने गेले नाहीत. इंटरच्या परीक्षेनंतर रामजींची आर्थिक ओढाताण झाली आणि पुढचे शिक्षण अडले, तेव्हा हेच केळुसकर त्या तरुणाला बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडे घेऊन गेले. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. पूर्ण झाले. १९१३ मध्ये बडोदे संस्थानाने तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन त्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवले. सत्काराच्या दिवशी पुस्तक देणारा माणूस काही वर्षांनी फीची सोय करायला पुन्हा उभा राहिला. माझ्या दृष्टीने पुरस्कार पुरा झाला तो त्या दिवशी.

ही कथा इथे थांबवली तर ती अर्धवट राहील. शिष्यवृत्तीच्या करारात दहा वर्षे बडोद्याची नोकरी करण्याची अट होती. ती पाळण्यासाठी आंबेडकर १९१७ मध्ये बडोद्याला गेले. कोलंबियाची एम.ए. पदवी मिळवलेल्या, लंडनला राहून आलेल्या त्या विद्वानाला शहरात राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत खोट्या नावाने दिवस काढावे लागले आणि तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे आणि ते वाचताना आजही आपल्याला मान वर करता येत नाही. संस्थानाने गुणांची कदर केली, पण त्या संस्थानातल्या माणसांनी केली नाही. गुणवंतांसाठी पैसे उभे करणे हे काम अवघड असले तरी होण्यासारखे असते. सत्कार झालेल्या मुलाला नंतर ज्या जगात जायचे आहे, ते जग त्याला आत घेण्याजोगे करणे हे फार कठीण काम आहे, आणि ते समारंभ समितीच्या यादीत कधीच नसते.

रामजी आणि केळुसकर यांच्या त्या वादाचा मी अनेकदा विचार करतो. रामजी चुकले, असे मला वाटत नाही. ज्या बापाने मुलाच्या अभ्यासासाठी स्वतःची झोप मोडली, त्याला मुलाने थोडक्यात समाधान मानू नये असेच वाटत होते. केळुसकरांना दुसरी गोष्ट दिसत होती. ज्या मुलाला वर्गात बसायला वेगळे गोणपाट आणि प्यायला वेगळे पाणी होते, त्याच्याविषयी भरसभेत चार चांगले शब्द बोलले जाणे ही चैन नव्हती. ज्या मुलांना घरी, दारी, शाळेत रोज शाबासकी मिळते, त्यांना एक सत्कार कमी झाला तरी फरक पडत नाही. ज्यांच्या वाट्याला ती कधीच येत नाही, त्यांच्यासाठी ती श्वासाइतकी गरजेची असते. कोणाचे कौतुक करायचे हे ठरवताना गुणांच्या टक्क्यांबरोबर हेही पाहिले पाहिजे.

याच्याही पन्नास-साठ वर्षे आधीची, पुण्यातली एक आठवण सांगतो. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेतल्या बक्षीस समारंभाविषयी ती सांगितली जाते. एका विद्यार्थिनीला बक्षीस देत असताना ती म्हणाली, की आम्हाला खेळणी आणि खाऊ नको, आमच्या शाळेला वाचनालय द्या. याच शाळेत शिकलेल्या, मांग समाजातल्या मुक्ता साळवे हिचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. महार-मांगांच्या दुःखांविषयी तिने इतके रोखठोक लिहिले आहे, की पावणेदोनशे वर्षे होत आली तरी त्याची धार कमी झालेली नाही. त्या वयाच्या मुलीला काय हवे आहे हे मोठ्यांपेक्षा तिला जास्त नेमके कळत होते. आपल्या समारंभांत मुलांना बक्षीस काय द्यायचे, हे मुलांना विचारण्याची पद्धत आजही नाही. विचारले तर काय उत्तरे येतील? माझा अनुभव असा, की ती फार साधी असतात. प्रयोगशाळेत सुटीच्या दिवशी बसू द्या. खो-खोच्या मैदानावर दिवा लावा. अमुक शिक्षकांची बदली करू नका.

आता महाराष्ट्राबाहेरचे, पण आंबेडकरांच्याच काळातले एक उदाहरण घेतो. कुंभकोणमच्या टाउन हायस्कूलमधून १९०४ मध्ये श्रीनिवास रामानुजन बाहेर पडला, तेव्हा त्याला गणिताचे रंगनाथ राव पारितोषिक मिळाले. हा मुलगा शंभरापैकी शंभराच्याही वर गुण देण्याच्या योग्यतेचा आहे, अशा अर्थाचे उद्गार मुख्याध्यापकांनी काढले होते. लगेच सरकारी कॉलेजची शिष्यवृत्तीही मिळाली. पण रामानुजनला गणितापलीकडे काही सुचेना. तो इंग्रजीत नापास झाला आणि शिष्यवृत्ती गेली. मद्रासच्या पचैयप्पा कॉलेजमधूनही तो एफ.ए.ची परीक्षा पास होऊ शकला नाही. त्यानंतरची कितीतरी वर्षे हा तरुण ओळखीच्या लोकांकडे वह्या घेऊन नोकरी मागत हिंडत होता. नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांनी काही काळ स्वतःच्या खिशातून महिन्याला २५ रुपये दिले. मार्च १९१२ मध्ये पोर्ट ट्रस्टमध्ये ३० रुपयांवर कारकुनी मिळाली.

एकच मुलगा, एकच बुद्धी. शाळेने गौरव केला, कॉलेजच्या नियमाने बाहेर काढले. नियम करणारे दुष्ट नव्हते. सगळ्या विषयांत बरा असलेला विद्यार्थी त्यांना हवा होता आणि तो नियम हजारो मुलांसाठी योग्यही असेल. पण असामान्य मूल नेमके त्या नियमात बसत नाही, कारण त्याची वाढ सगळीकडून सारखी झालेली नसते. पुढे १९१३ मध्ये केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांचे पत्र आले आणि गिल्बर्ट वॉकर, फ्रान्सिस स्प्रिंग यांसारख्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी शब्द टाकला. तेव्हा मद्रास विद्यापीठाने पदवी नसलेल्या या माणसाला महिन्याला ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दोन वर्षांसाठी दिली. दर तीन महिन्यांनी कामाचा अहवाल द्यायचा, एवढीच अट. नियम बाजूला ठेवायला विद्यापीठाच्या लोकांना धाडस लागले असणार. त्या शिष्यवृत्तीमुळे वही-पेन्सिल आणि मोकळा वेळ मिळाला, आणि वर्षभरात तो केंब्रिजला निघालाही. शाळेच्या पारितोषिकापेक्षा मला या शिष्यवृत्तीचे मोल मोठे वाटते. १९०४ ते १९१३ ही मधली नऊ वर्षे मात्र कोणालाच परत आणता आली नाहीत, आणि रामानुजन जगला फक्त बत्तीस वर्षे.

संगीताकडे येतो, कारण लहान वयातल्या कर्तबगारीचे सर्वांत लखलखीत आणि सर्वांत धोक्याचे रूप तिथे दिसते. बेळगावजवळच्या सुळेभावीचा शिवपुत्र कोमकळी सात-आठ वर्षांचा असतानाच मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून जशाच्या तशा गात असे. लोक थक्क होत. एका स्वामींनी त्याला ‘कुमार गंधर्व’ हा किताब दिला आणि गावोगावी त्याच्या गाण्याचे जलसे होऊ लागले. १९३६ मध्ये मुंबईच्या जिना हॉलमधल्या संगीत परिषदेत तो गायला तेव्हा उस्ताद आणि पंडितांनी त्याच्यावर बक्षिसांची खैरात केली. आता यापुढे काय व्हायला हवे होते? जलशांची संख्या वाढली असती, तिकिटे खपली असती, आणि आवाज फुटेपर्यंत हे चालले असते. तसे कितीतरी बाल-कलावंतांच्या बाबतीत झाले आहे. पण वडिलांनी त्याला प्रोफेसर बी. आर. देवधरांच्या स्वाधीन केले.

देवधरांनी जे केले त्याला पुरस्कार म्हणत नाहीत, पण माझ्या मते त्याहून मोठा सन्मान एखाद्या गुणी मुलाचा होऊ शकत नाही. विष्णु दिगंबरांचे हे शिष्य ऑपेरा हाउसजवळच्या आपल्या संगीत विद्यालयात निरनिराळ्या घराण्यांच्या गवयांना बोलावत, त्यांच्याकडच्या चिजा जमवत. त्या घरात हा मुलगा राहिला, शिकला, पुढे तिथेच शिकवू लागला. ज्याला सगळे येते असे जग म्हणत होते, त्याला आता मुळापासून शिकायचे होते. नकलेतून स्वतःच्या गाण्याकडे जाण्यासाठी लागणारी दहा-अकरा वर्षे देवधरांनी त्याला मिळवून दिली. पुढे क्षयाच्या आजारात देवासला काही वर्षे गाणे पूर्ण बंद असताना, आसपासच्या माळव्यातल्या बायकांची लोकगीते ऐकत कुमारांनी जे शोधले, ते शोधण्याची ताकद या शिक्षणातून आली होती, असे मला वाटते. किताब आठव्या वर्षी मिळाला होता. तो शोभेल असे गाणे हाती यायला आणखी वीस वर्षे लागली.

म्हणून मी दूरचित्रवाणीवरच्या गाण्यांच्या स्पर्धांकडे थोड्या काळजीने पाहतो. पण इथे सरसकट निवाडा करणे अन्याय होईल. मराठी ‘लिटिल चॅम्प्स’च्या पहिल्या पर्वाने २००८-०९ मध्ये घराघरांत ज्या पाच मुलांना पोचवले, ती आज प्रौढ कलावंत म्हणून गात आहेत. त्यातल्या बहुतेकांना स्पर्धेच्या आधीपासून गुरू होते आणि नंतरही ते सुटले नाहीत. प्रसिद्धीने नुकसान होते ते तिच्यामागे शिकणे थांबले तर.

आता आपल्या आजच्या व्यवहाराकडे वळू. माझ्या पिढीतल्या सगळ्यांना दहावी-बारावीची गुणवत्ता यादी आठवत असेल. ‘बोर्डात येणे’ हा तेव्हा आयुष्यभर पुरणारा सन्मान होता. निकालाच्या दिवशी पेढ्याचा घास घेतलेल्या मुलांचे फोटो पहिल्या पानावर असायचे. त्या यादीपायी मुलांवर येणारा ताण पाहून मंडळाने ती बंद केली आणि तो निर्णय मला योग्य वाटतो. पण मंडळाने सोडलेली जागा रिकामी राहिली नाही. खासगी क्लासच्या फ्लेक्सवर आज तेच फोटो, तेच आकडे दिसतात. मंडळाच्या यादीमागे निदान सार्वजनिक कौतुकाचा हेतू होता. चौकातल्या फ्लेक्सवरचे मूल जाहिरातीसाठी उभे असते, आणि पुढच्या जूनमध्ये तिथे दुसऱ्याचा चेहरा लागतो. सोळा वर्षांच्या मुलामुलींना आपण ही जागा द्यावी का, याचा विचार पालकांनी तरी करावा. फोटोला परवानगी नाकारण्याचा हक्क त्यांच्याकडे आहे.

याउलट, ज्या योजना कौतुकाबरोबर पुढची वाटही देत होत्या, त्यांचे काय झाले पाहा. राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा १९६३ मध्ये दिल्लीतल्या दहा शिष्यवृत्त्यांपासून सुरू झाली आणि पुढच्या वर्षी देशभर गेली. शेवटी-शेवटी दरवर्षी २००० विद्यार्थ्यांना ती मिळत होती. अकरावी-बारावीला महिन्याला १२५० रुपये, पदवी आणि पदव्युत्तर शिक्षणात २००० रुपये, आणि त्यापुढे पीएच.डी.पर्यंत. रक्कम मोठी नव्हती. तिचे बळ तिच्या लांबीत होते. दहावीत निवडलेल्या मुलाकडे देश दहा-बारा वर्षे लक्ष ठेवून आहे, असा तिचा अर्थ होता. महाराष्ट्रातल्या कितीतरी शिक्षकांनी शाळा सुटल्यावर विनामोबदला या परीक्षेची तयारी करून घेतली आहे. २०२१ नंतर ही परीक्षा झालेली नाही. पुढचा आदेश येईपर्यंत ती थांबवली आहे. मूलभूत विज्ञानाकडे वळणाऱ्या तरुणांसाठी १९९९ मध्ये सुरू झालेली किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजनाही २०२२ मध्ये वेगळी उरली नाही, दुसऱ्या योजनेत विलीन झाली. या दोन्ही गोष्टींवर आपल्याकडे जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. एखादा पुतळा हलवला तर रस्ते बंद होतात. साठ वर्षांची शिष्यवृत्ती थांबते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

जे अजून चालू आहे त्याची कदर मात्र केली पाहिजे. आठवीत होणारी एन.एम.एम.एस. परीक्षा इथे किती जणांना माहीत आहे? शासकीय आणि अनुदानित शाळांतल्या, कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठी ती आहे. देशभरात दरवर्षी एक लाख शिष्यवृत्त्या, नववी ते बारावी अशी चार वर्षे, वर्षाला १२ हजार रुपये. तिच्या मानकऱ्यांचे फ्लेक्स लागत नाहीत. पण ग्रामीण भागातल्या मुलींच्या बाबतीत आठवीनंतर शाळा सुटण्याचा धोका मोठा असतो, आणि तिथे महिन्याला हजार रुपये घरात येतात म्हणून मुलीचे शिक्षण चालू राहिल्याचे मी पाहिले आहे. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेने १९८१ पासून चालवलेली डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धाही मला अशीच महत्त्वाची वाटते. सहावी आणि नववीच्या मुलांना लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक करावे लागते आणि शेवटी स्वतः निवडलेल्या प्रश्नावर कृतिसंशोधन करून ते परीक्षकांपुढे मांडावे लागते. पदक मिळो न मिळो, आपल्या गल्लीतल्या गटाराचे पाणी तपासलेल्या मुलाला प्रश्न कसा विचारायचा हे कळलेले असते. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीने १९६२ पासून बुद्धिमान मुलांच्या शिक्षणाचा जो प्रयोग केला, त्याच्या मुळाशीही हेच होते. बुद्धी मोजून थांबायचे नाही, तिला काम द्यायचे. तिथल्या निवडीच्या पद्धतीबद्दल कोणाचे मतभेद असतील, पण निवडल्यावर जबाबदारी घ्यायची हा विचार आपण सगळ्यांनी उचलण्याजोगा आहे.

थोड्या मोठ्या वयाच्या तरुणांकडे पाहिले तर हा प्रश्न आणखी टोकदार होतो. साहित्य अकादमीने २०११ पासून पस्तीस वर्षांपर्यंतच्या लेखकांसाठी युवा पुरस्कार सुरू केला. ५० हजार रुपये आणि सन्मानचिन्ह. मराठीत त्याने अनेक नवी नावे पुढे आणली. २०१८ मध्ये तो ‘फेसाटी’ या कादंबरीसाठी नवनाथ गोरे यांना मिळाला. जत तालुक्यातल्या दुष्काळी भागातले, मजुरी करत शिकलेले हे लेखक. २०२० च्या टाळेबंदीत त्यांची हंगामी प्राध्यापकी सुटली आणि त्यांना पुन्हा रोजंदारीवर जावे लागले. बातम्या आल्यावर एका शिक्षणसंस्थेने त्यांना नोकरी दिली, हे चांगलेच झाले. पण बातमी आली नसती तर? साहित्याचा पुरस्कार देणाऱ्या संस्थेने नोकऱ्याही द्याव्यात असे मी म्हणत नाही, ते तिचे काम नाही. मात्र ज्या राज्यातली महाविद्यालये तासिकेवरच्या शिक्षकांच्या जोरावर चालतात, त्या राज्याने आपल्या राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त तरुण लेखकाचे नाव कुठेतरी लिहून ठेवलेले असावे, एवढी अपेक्षा फार नाही.

गणितातल्या फील्ड्स पदकाची गोष्ट याच संदर्भात सांगण्यासारखी आहे. हे पदक चाळिशीच्या आतल्या गणितज्ञांनाच मिळते. जॉन चार्ल्स फील्ड्स या कॅनेडियन गणितज्ञाच्या मनात हेतू असा होता, की झालेल्या कामाची दखल तर घ्यावीच, शिवाय पुढच्या कामाला उत्तेजनही द्यावे. १९३६ पासून ते दिले जाते. भारतीय वंशाच्या मंजुल भार्गव यांना २०१४ मध्ये आणि अक्षय वेंकटेश यांना २०१८ मध्ये ते मिळाले. जॉर्ज बोर्हास आणि कर्क डोरन या अर्थशास्त्रज्ञांनी पदक मिळालेल्यांची तुलना त्यांच्याच तोडीच्या, पण पदक न मिळालेल्या गणितज्ञांशी केली. पदकानंतर विजेत्यांचे छापलेले काम ठळकपणे कमी झाले होते. यावरून पुरस्काराने माणूस सुस्तावतो असा निष्कर्ष काढायचा मोह होईल. पण त्याच अभ्यासात असेही दिसले, की या घटीचा जवळजवळ अर्धा भाग विजेते अनोळखी विषयांत शिरल्यामुळे होता. नवे क्षेत्र शिकायला वेळ लागतो आणि तिथे सुरुवातीला हाती काही लागत नाही. पदकाने त्यांना अपयशाची मोकळीक दिली होती.

ही मोकळीक मला फार मोलाची वाटते, आणि आपल्या मुलांना आपण तीच देत नाही. आपल्याकडे दहावीत पहिली आलेली मुलगी अकरावीत थोडी मागे पडली की नातेवाईक विचारू लागतात, काय झाले? राज्यस्तरावर पदक मिळवलेल्या मल्लाने पुढच्या कुस्तीत पाठ टेकली की त्याच्या नावाचे बॅनर खाली येतात. बक्षीस मिळालेले मूल त्यामुळे जपून खेळू लागते. जिथे हमखास यश आहे तेवढेच करते. ज्या विषयाची खरी ओढ आहे, तिथे गुण कमी पडतील म्हणून जात नाही. बक्षिसाने मूल धीट व्हायला हवे होते, ते भित्रे होऊन बसते. पालकांना माझी विनंती आहे, की सत्काराच्या पुढच्या वर्षी मुलांना एखादी गोष्ट न जमण्याची परवानगी द्या, आणि ती त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा.

खाशाबा जाधवांचे नाव घेतल्याशिवाय मला हे भाषण पुरे करता येणार नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी या कराडजवळच्या गोळेश्वरच्या मल्लाला जायचे होते. पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे माजी प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडला शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे खाशाबांनी कुस्त्या लावल्या, जिंकल्या आणि प्राचार्यांचे घर सोडवून दिले. १९८४ मध्ये अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो त्यानंतर दीड दशकाहून अधिक काळाने, मरणोत्तर. घर गहाण टाकणाऱ्या शिक्षकाने पदक मिळण्याआधी विश्वास ठेवला होता. शासनाला तो विश्वास ठेवायला अर्धे शतक लागले.

आता या संस्थेपुढे काही मागण्या ठेवतो. विश्वस्तांशी मी याबद्दल बोललो आहे आणि त्यांनी त्या जाहीरपणे मांडायला सांगितले.

दरवर्षी ज्या मुलांचा सत्कार होतो त्यांची एक नोंदवही कार्यालयात असावी, आणि पाच वर्षे प्रत्येक जूनमध्ये त्या घरी कोणीतरी फोन करावा. प्रवेश कुठे मिळाला, फी भरली का, वसतिगृह मिळाले का, एवढेच विचारावे. सन्मानचिन्हांवर होणारा खर्च निम्मा करून तो पैसा या कामासाठी बाजूला ठेवावा. मुलींच्या बाबतीत फोन दोनदा करावा, कारण बारावीनंतर तालुक्याच्या गावी एकटी पाठवायची की नाही हा निर्णय बहुतेक घरांत जूनच्या पहिल्या पंधरवड्यातच होतो आणि त्या वेळी बाहेरच्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाचा शब्द कामी येतो. सत्कारासाठी नावे मागवताना शाळांकडून गुणपत्रिकेखेरीज आणखी एक नाव मागवावे. ज्याने घर सांभाळून शाळा सोडली नाही, ज्याने गावातले जुने पाणवठे नोंदवले, ज्याला कोणी न शिकवता ढोलकी येते, अशा कोणाचेही. त्या नावाला टक्क्यांची अट नसावी. आणि गुरुजींच्या संग्रहातली जी पुस्तके संस्थेकडे आली आहेत, ती कपाटात न ठेवता या मुलांना वर्षभरासाठी घरी नेऊ द्यावीत.

नोंदवहीत फोन करणाऱ्यांच्या नावांसाठीही एक पान असेल. त्यावर माझे नाव आजच लिहून मी निघणार आहे. गणित आणि इंग्रजी या विषयांसाठी, आणि पुण्यात वसतिगृह शोधायचे असेल तर त्यासाठी, पहिल्या रांगांतल्या कोणीही मला केव्हाही फोन करावा. श्रोत्यांमध्ये निवृत्त शिक्षक बरेच दिसत आहेत, बँकेत आणि कोर्टात काम केलेलेही आहेत. चहाच्या वेळी ती वही बाहेरच्या टेबलावर ठेवलेली असेल.